हळू पडण्याचे नियम

"आजपासून माझी भीती संपली!" असं तिनं सकाळच्या चहाला जाहीर केलं, तेव्हा बाबांचा एक मोजा पायात होता आणि दुसरा हातात. त्या दिवसाला ती पुढे 'आदला दिवस' म्हणू लागली. पण तेव्हा तो नुसता मंगळवार होता.

बाबा नऊ आसनी विमानाचे वैमानिक. एक इंजिन, एक वैमानिक आणि आवाज पिठाच्या गिरणीसारखा! लेक मुद्रितशोधक, दुसऱ्यांच्या पुस्तकांतल्या चुका काढून पोट भरणारी. चाळिशी उलटली तरी बाबांच्या विमानात ती एकदाही बसली नव्हती. "भीती वाटते," म्हणायची. बाबा हसून सोडून द्यायचे, पण त्यांना ते लागायचं. सगळं गाव ज्यांच्या हाती निर्धास्त जीव सोपवतं, त्यांच्या लेकीचाच त्यांच्यावर भरवसा नसावा!

खरी भानगड वेगळीच होती. लहानपणी कधीतरी ती "भीती वाटते" एवढंच म्हणाली आणि बाबांनी त्याचा अर्थ आपल्या परीनं लावला. तो दुरुस्त करायचं राहूनच गेलं. जगाची प्रुफं तपासणाऱ्या बाईची ही एक चूक तशीच छापली गेली होती.

आज ती दुरुस्त करायची, असं तिनं पक्कं ठरवलं होतं. त्यांच्याच विमानात, त्यांच्याच शेजारी बसून. तयारी म्हणून तिनं छोट्या प्रवासी विमानांचे सुरक्षेचे नियम वाचून काढले होते.

"सगळे?" बाबांनी मोजा खाली ठेवला.

"सगळे. दोन स्वल्पविराम चुकलेत."

"अगं मग बस की आज! आणि काय हवं ते विचार!"

'काय हवं ते विचार' हे कुणाला म्हणावं, याचाही खरं तर एक नियम हवा.

ती पुढे बाबांच्या शेजारी बसली. मागे दातांचे डॉक्टर, आजारी सासूला भेटायला निघालेल्या काकू आणि आणखी काही मंडळी. विमान अजून धावपट्टीकडेला उभंच, इंजिन बंद. मधे दार नाही, पडदा नाही. पुढे कुजबुजलं तरी शेवटच्या आसनापर्यंत पोचावं!

"बाबा, स्टॉल कितीवर येतो?"

"एकसष्ट नॉट वेगाच्या आतच."

"स्टॉल आहे?" काकूंचा चेहरा उजळला. "माझा एक चहा सांगा हो, बिनसाखरेचा!"

"तो स्टॉल नव्हे, काकू!" बाबा वळून हौसेनं सांगू लागले. "पंख ज्या वेगाला हात टेकतात, तो स्टॉल. त्याहून हळू गेलं की विमान खाली!"

"खाली म्हणजे?"

"खाली म्हणजे खालीच!"

"घाबरू नका," डॉक्टर धीर देत म्हणाले. "ते नॉट म्हणाले. एकसष्ट नाही, असं."

"मग किती?" काकूंनी विचारलं, आणि डॉक्टरांचाही धीर सुटला.

बाबांचं मात्र लक्षच नव्हतं. इतक्या वर्षांत 'कधी पोचणार?' याखेरीज कुणी त्यांना काही विचारलं नव्हतं. आज विचारत होती ती सख्खी लेक! ते असे खुलले होते की, त्यांना थांबवणं तिच्या जिवावर आलं.

"आणि इंजिन बंद पडलं तर?" तिनं अगदी हळू विचारलं.

"तरंगत जायचं!"

"कुठे?"

"दिसेल त्या शेतात! म्हणून तर तो एकसष्टचा नियम. पडायचंच झालं, तर हळू पडावं!"

मागून टक् असा आवाज आला.

"पट्टा लावलात ना?" बाबांनी विचारलं.

"सोडला," डॉक्टर म्हणाले. "एका पेशंटची दाढ अर्धी राहिलीय हो. आत्ताच आठवलं."

काकूंना सासू अचानक ठणठणीत वाटू लागली. बाकीच्यांनी कारण सांगण्यातही वेळ घालवला नाही. भोक पडलेल्या बादलीसारखं विमान रिकामं झालं! तिकीटवाला धापा टाकत आला.

"कॅप्टन, काय सांगितलंत यांना? सगळे बसच्या रांगेत उभे आहेत!"

"नियम सांगितले."

"लोकांना कशाला सांगायचे ते?"

पलीकडच्या गावी परतीचे प्रवासी ताटकळले होते. तेव्हा विमान न्यावंच लागलं, फक्त बाप-लेकीला घेऊन.

वर गेल्यावर सगळं मऊ झालं. ढग पंखांखालून असे सरकत होते, जणू कुणी झोपेत कूस बदलतंय. नदी वाळत घातलेल्या ओढणीसारखी पसरलेली. रिकाम्या आसनांवर ऊन बसलं होतं. एक आसन सोडून दुसऱ्यावर जात होतं. विमान पुढे चाललंय की पृथ्वीच सावकाश मागे नेली जातेय, तिला कळेना. बाबा गुणगुणत होते आणि कानावरच्या हेडफोनमधून ते तिला आतून आल्यासारखं ऐकू येत होतं.

"अजून भीती वाटते का गं?" त्यांनी विचारलं.

"नाही," ती म्हणाली.

पुढचं वाक्य जिभेवर होतं. पण बाबा इतके सुखावले होते, की ते सांगून हा तरंग मोडावा असं वाटेना. रात्री जेवताना सांगू, ती मनाशी म्हणाली. जेवताना त्यांनी आईला काकूंच्या चहाची गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली आणि तिघांच्या डोळ्यांतून हसून हसून पाणी आलं. मग उद्या सांगू, म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा गेले. खुर्चीत बसून बुटाची नाडी बांधताना, जमिनीपासून हातभर उंचीवर. त्याबद्दल कुठल्याच पुस्तकात नियम नव्हता.

काही महिन्यांनी ती पुन्हा त्याच विमानात बसली, या वेळी अगदी मागे. नवी वैमानिक बाई शांत, मोजकं बोलणारी. कुणी काही विचारलं नाही, कुणी उतरलंही नाही. विमान टेकलं, संथपणे वळलं, आणि त्या घरघरीच्या आडोशाला तिला वाटलं, इथे बोलावं. इथे कोण ऐकतंय! खिडकीला कपाळ लावून, इंजिनाच्या वर आवाज चढवून ती म्हणाली, "बाबा, मला विमानाची भीती कधीच वाटली नाही!"

नेमकं त्याच क्षणी बाईंनी इंजिन बंद केलं.

'कधीच वाटली नाही!' हे शब्द तेवढे विमानभर घुमले. सगळ्या माना मागे वळल्या. कुणीतरी पुटपुटलं, "बरं बाई, शूर आहात!" तिचे कान तापले. तिनं रुमाल तोंडाशी नेला. तसंच गप्प बसता आलं असतं. पण अर्धं वाक्य तसंच टाकून उठणं तिला काही जमेना. तिनं रुमाल खाली ठेवला आणि सगळ्यांच्या देखत, नीट, घाई न करता म्हटलं,

"भीती वाटायची ती तुम्ही घरी न येण्याची."