खाजामियाँची जीभ

खाजामियाँनी पहिला घास तोंडात घातला आणि त्यांचे डोळे भरून आले. दालच्यात मटन होतं.

आता ह्यात रडण्यासारखं काय, असं कुणी म्हणेल. पण ते बसले होते लेकीच्या हॉटेलात, आणि तिथं मटन सोडा, दुधाचा थेंब नि तुपाचं बोटसुद्धा चालत नव्हतं. लातूरच्या क्लासेसच्या गल्लीत कहकशांनं चार महिन्यांपूर्वी हे हॉटेल काढलं होतं. नाव 'ऊब', खाली बारीक अक्षरात 'व्हीगन, घरच्यासारखं जेवण'. लातुरात ऐन उन्हाळ्यात ऊब कोण विकत घेणार, हा खाजामियाँचा पहिला सवाल होता. दुसरा असा, की बकरं नाही, दूध नाही, तूप नाही, मग पातेल्यात उरलं काय? गावोगावची पोरं इथं डॉक्टर व्हायला येतात आणि घरच्या जेवणासाठी झुरतात, त्या सगळ्यांना एका टेबलावर बसून जेवता यावं, हे कहकशांचं म्हणणं. पण बाप फुगून बसला होता. चार महिन्यांत तो हॉटेलची पायरी चढला नव्हता.

फुगणारच की. उदगीरचे खाजामियाँ म्हणजे चाळीस वर्षं लग्नांच्या डेगी चढवलेले बावर्ची. एक तुकडा चाखून बकरं कुठल्या बाजारातलं आणि काय चरून वाढलेलं, हे सांगायचे. दुसऱ्याच्या स्वयंपाकाला त्यांनी जन्मात कधी 'चांगला' म्हटलं नव्हतं. फारच आवडलं तर बकऱ्याचं गाव सांगायचे, तीच त्यांची शाबासकी.

आज आले ते कहकशांच्या फोनमुळं. "अब्बा, बसलिंगप्पा म्हणून हायेत, ते आज जेवून बघायला येणारेत. दोनशे पोरांचं शुद्ध शाकाहारी वसतिगृह हाय त्यांचं. त्यांनी रोजचं जेवण इथून न्यायचं ठरवलं तर हॉटेल चाललं, न्हाईतर पुढच्या महिन्यात कुलूप. तुम्ही नुसतं येऊन बसा. मला धीर येईल."

नुसतं बसायचं होतं. तेवढंच त्यांना जमलं नाही.

लेकीनं बापासाठी आपला नेम मोडला, चोरून मटन शिजवलं, ह्या विचारानं म्हातारा पार विरघळला. आणि शिजवलं तरी कसं. मऊ, पण मोडलेलं नाही. डाळ घोटून एकजीव, चिंच बेताची, मसाला आतपर्यंत मुरलेला. शेजारच्या टेबलावर कपाळाला भस्म लावलेले एक गृहस्थ बायकोबरोबर तोच दालचा मन लावून खात होते. खाजामियाँना त्यांच्याबद्दल एकदम जिव्हाळा वाटला.

"साहेब," ते वाकून म्हणाले, "बकरं लोह्याच्या बाजारातलं हाय. बाभळीच्या शेंगा खाल्लेलं. असं मटन आता मिळत न्हाई."

गृहस्थांचा घास हातातच राहिला. "मटन?"

हेच ते बसलिंगप्पा. त्यांच्या घरात सोमवारी कांदासुद्धा चिरत नसत. महानंदाबाई तोंडाला पदर लावून बेसिनकडे धावल्या, बसलिंगप्पांनी ताट सारलं, आणि कहकशां ओल्या हातांनी बाहेर आली.

"काका, फणस हाय तो. कच्चा फणस."

"फणस?" खाजामियाँना राहवलं नाही. "बेटी, फणसाला कुणी बाभळीच्या शेंगा चारत न्हाई."

मागच्या टेबलावर केमिस्ट्रीचे निवृत्ती सर जेवत होते. त्यांना कुणी विचारलं नव्हतं, तरी ते म्हणाले, "मी उदगीरचाच. ह्यांची जीभ आजवर कधी चुकलेली न्हाई."

कहकशांनं बापाचं मनगट धरलं आणि आत नेलं. ओट्यावर अर्धा फणस, तेल लावलेली सुरी, चीक पुसलेलं फडकं. तिनं पातेल्यात तळापासून पळी फिरवून दाखवली. एक हाड निघालं नाही. खाजामियाँनी फोड चाखली. मग परत चाखली.

"हे तू केलंस?"

"तुमच्या डेगीपाशी बसून लहानपणी बघितलं, तेच केलं अब्बा. फक्त बकरं काढून टाकलं."

बाहेर बसलिंगप्पा निघायच्या तयारीत उभे होते. भूकंपाच्या साली खाजामियाँनी किल्लारीत महिनाभर खिचडी वाढली होती; तेव्हापासून भरल्या ताटावरून उठलेला माणूस त्यांना बघवत नसे. आज तर त्यांनीच उठवला होता. चाळीस वर्षांचं नाव गेलं तर गेलं, असं म्हणून ते मधोमध येऊन उभे राहिले.

"साहेब, माझी जीभ चुकली. फणसच हाय."

निवृत्ती सरांनी चष्मा काढला. ही बातमी संध्याकाळपर्यंत उदगिरात पोचणार होती.

"लेकीसाठी बाप असंच म्हणणार," बसलिंगप्पा म्हणाले. "मघाशी खरं बोललात, आता सांभाळून घ्यायलात."

आली का पंचाईत. बाप जितक्या शपथा घेई, तितकं ते मटन पक्कं होत चाललं. कहकशांनं अर्धा फणस आणून टेबलावर ठेवला. फणस दाखवला म्हणून मटन शिजलं नाही असं कुठं ठरतं, असं बसलिंगप्पांनी विचारलं. मग तिनं पातेलंच उचलून आणलं.

"आता तुम्हीच सांगा काका, तुम्हाला कसं पटवू?" ती पातेलं त्यांच्यापुढं ठेवत म्हणाली.

बसलिंगप्पांनी रागारागानं एक तुकडा उचलला. उजेडात धरला, बोटानं दाबला, आणि वादाच्या भरात तोंडात टाकला. कपाळाला आठी पडली. त्यांनी दुसरा टाकला.

"थांबा. हे मटन न्हाई," ते ठासून म्हणाले. "मटनाची रेष अशी सुटत न्हाई, दाताखाली जरा ओढते. नळीजवळचं असलं तर चिकटतं. आणि शेंगा खाल्लेल्या बकऱ्याची चव मागाहून येते, गिळल्यावर. ह्यात ती न्हाई. मियाँ, तुम्ही मसाल्याला भुललात."

खाजामियाँनी आदरानं मान डोलावली. जाणकार भेटला होता. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला, आणि मग एकेक करून सगळे महानंदाबाईंकडे बघू लागले.

"तुम्हाला कसं माहीत?" त्यांनी विचारलं.

बसलिंगप्पा पाणी प्यायले. ग्लास रिकामा होता, तरी प्यायले. "कहकशांताई," ते घाईघाईनं म्हणाले, "सोमवारपासून दोनशे जणांचं पाठवा. दोन्ही वेळचं."

कहकशां खुर्चीत मटकन बसली. खाजामियाँनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "खोटं न्हाई बोललो बेटी. खरंच चुकली जीभ, पहिल्यांदाच, आणि ती तुझ्या हातचं खाऊन. लई चांगलं केलंस." चार महिने ज्या शब्दासाठी ती थांबली होती, तो आला तेव्हा तिला हुंदका आवरला नाही.

तिकडं महानंदाबाई आपल्या ताटावर परत बसल्या होत्या. त्यांनी वाटी ओढली, एक तुकडा सावकाश चावला, मग दुसरा.

"मटन असंच लागतं का हो?"

"जवळपास," बसलिंगप्पा जमिनीकडे बघत म्हणाले.

"आणि एवढी वर्षं एकट्यानंच खाल्लं तुम्ही," महानंदाबाई म्हणाल्या. "कहकशां, दालचा वाढ गं अजून."