सुपडू आबांच्या दोन बाटल्या

आमच्या जळगावच्या कॉलनीत संध्याकाळी गाडी उभी केली, की थोड्याच वेळात तिच्या पोटाखाली केळीच्या खोक्याचा पुठ्ठा पसरलेला दिसतो. तो सुपडू आबा पसरतात. त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. सकाळी दूध आणायला निघावं, तर आबा गुडघ्यांवर बसून तुमच्या पुठ्ठ्यावरचे डाग वाचत असतात. काळा डाग म्हणजे ऑइल, नुसता ओला म्हणजे एसीचं पाणी. आणि हिरवा दिसला, की आबा तुमची बेल वाजवणार. मग तुम्ही आंघोळीत असा नाहीतर पूजेत.

"कूलंट जाऊन राहिलं तुमचं, अन् तुम्ही पोहे खाऊन राहिले!"

आबा मूळचे फैजपूरचे. तीस वर्षं त्यांनी केळीचा ट्रक पार दिल्लीपर्यंत हाकला. एकदा इंजिन तापून ट्रक दोन दिवस घाटात उभा राहिला आणि भरलेली सगळी केळी जागच्या जागी पिकली. तेव्हापासून ब्रेकवर, टायरवर, अगदी सरकारवरही त्यांचा थोडाफार विश्वास आहे, पण इंजिनातल्या पाण्यावर अजिबात नाही.

मध्यंतरी माझ्या गाडीचं कूलंट कमी व्हायचं आणि पुठ्ठा मात्र कोरडा. मी खुशीत होतो. आबा उलट जास्तच गंभीर झाले. "दिसतो तो रोग बरा," म्हणत ते चार दिवस गाडीच्या मागे लागले. पायाखालची मॅट हुंगून पाहिली. धूर पांढरा येतो का हे बघायला सायलेन्सरमागे उकिडवे बसले, तेव्हा त्यांना चक्कर आली असं वाटून समोरच्या काकू कांदा घेऊन धावत आल्या. शेवटी रेडिएटरच्या झाकणातलं रबर फाटलेलं निघालं. इंजिन तापलं की पाणी वाफ होऊन तिथूनच उडून जायचं, मग खाली थेंब पडणार कुठून? आबांनी नवं झाकण बसवलं आणि जुनं माझ्या हातावर ठेवलं. ऑपरेशननंतर डॉक्टर मुतखडा दाखवतात तसं.

असा हा माणूस एका गाडीपुढे मात्र हरला होता. ती गाडी त्यांच्या लेकीची, धुळ्याला दिलेल्या वैशालीची. दीड वर्षं तिचं कूलंट कमी होत होतं, आणि दर दुसऱ्या रविवारी आबा एसटीनं धुळ्याला जाऊन ते भरून येत होते. पिशवीत दोन बाटल्या असायच्या. हिरवी गाडीसाठी आणि पांढरी स्वतःसाठी. कारण आबा लेकीच्या घरचं पाणी पीत नाहीत. त्यांचे वडील कधी प्यायले नाहीत, आजोबाही नाहीत. आणि कामाशिवाय लेकीच्या सासरी पाऊल टाकायचं नाही, हाही त्यांच्याच घरचा कायदा.

"धुळ्यात मेकॅनिक नाहीत का, आबा?" मी एकदा विचारलं.

"आहेत ना. पन लिकेज लय बारीक आहे. मलेच सापडून नाही राहिलं, त्याहिले काय सापडीन?"

गेल्या महिन्यात आबांचा गुडघा सुजला. रविवार जवळ आला तसे ते अंगणात येरझाऱ्या घालायला लागले, त्याही लंगडत. मला धुळ्याला काम होतंच. मी हिरवी बाटली मागून घेतली.

"नुसतं भरून ये," आबांनी तीनदा बजावलं. "बाकी कशाले हात लावू नको."

मी कसला ऐकतो! वैशालीकडे पोचलो आणि बॉनेट उघडलं. रेडिएटरच्या खालच्या नळीला जिथे क्लिप आवळलेली असते, तिथे हिरवट पांढरा थर साचला होता. क्लिप बोटानंसुद्धा हलत होती. स्क्रू ड्रायव्हरनं दोन फेरे दिले, कूलंट भरलं, इंजिन अर्धा तास चालू ठेवलं. खाली एक थेंब नाही. आबांना दीड वर्षात जमलं नाही ते मी पाच मिनिटांत केलं होतं. कधी एकदा कोणाला सांगतो असं मला झालं.

वैशाली चहा घेऊन आली. मी माझा पराक्रम सांगितला, आणि तिचा चेहरा उतरला. तिनं डिकीतून केळीच्या खोक्याचा एक जुना पुठ्ठा काढला. त्यावर हिरवा डाग, डागाभोवती बॉलपेनचा गोल, आणि शेजारी आबांचं अक्षर: 'खालची क्लिप सैल.'

"आबांचा पहिल्या रविवारचा आहे हा," ती म्हणाली. "स्क्रू ड्रायव्हर मलाही फिरवता येतो, दादा. पण आई गेल्यापासून ते घरात एकटेच असतात. काम नसलं तर ते इकडे येणार नाहीत."

तिच्या सासूबाई दारात उभ्या होत्या. त्या अहिराणीत म्हणाल्या, "घरमा दूध, चहा बठ्ठं शे, पन व्याही पानीबी पेत नहीत."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "परत सैल करून देऊ का?" मी विचारलं.

"नको," ती म्हणाली. "बघते मी काय ते."

आबांना सांगणं भागच होतं. ते ओट्यावर बसले होते.

"आवळली?"

"हो."

"थेंब?"

"एकही नाही."

"चांगलं केलं," म्हणाले, आणि कितीतरी वेळ गुडघ्याला तेल चोळत राहिले. त्या संध्याकाळी कॉलनीत एकाही गाडीखाली पुठ्ठा आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

चौथ्या दिवशी मी त्यांच्याकडे बसलो असताना वैशालीचा फोन आला. आबांना कमी ऐकू येतं, म्हणून स्पीकर चालू होता.

"आबा, गाडीचं कूलंट परत कमी झालंय. रविवारी येऊन जा ना."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी नकारार्थी मान हलवली. ती क्लिप मी स्वतःच्या हातानं आवळली होती.

"येतो," ते फोनमध्ये म्हणाले. मग त्यांनी फोन ठेवला. "पोरगी खोटं बोलून राहिली," ते हळूच म्हणाले. "माह्यासाठी."

आणि धोतराच्या सोग्यानं त्यांनी डोळे पुसले. माझेही भरून आले होते.

रविवारी सकाळी मी त्यांना स्टँडवर सोडायला निघालो. गुडघ्याला पट्टा होता आणि पिशवीत हिरवी बाटली. पांढरी ओट्यावरच राहिलेली मला दिसली.

"आबा, तुमची पाण्याची बाटली राहिली!"

"राहू दे," आबा मागे न वळता म्हणाले. "तिच्या घरी पानी आहे."