सुदामकाकांची दहा मिनिटं

वैशाखात दुपारी दोन वाजता, पंखा बंद करून, तुम्ही कधी स्वतःच्या टिनाच्या छपराखाली बसलात का?

केनवडात आमचे शेजारी सुदामकाका हा प्रश्न लोकांच्या घरात घुसून विचारतात. कुणी नवं टिन टाकलं की काका दोनला हजर. पिशवीत मातीचं एक जुनं कवेलू, म्हणजे छपराचं कौल. आधी पंख्याचं बटण बंद, मग मालकाचा हात धरून, "बस दहा मिन्टं. चहा नको मले." घाम निथळू लागला की कवेलू त्याच्या मांडीवर ठेवतात. "पाह्य, कसं थंडगार हाय!" एकदा नवरदेवालाच असं बसवलं. वरात खोळंबली.

काकांच्या स्वतःच्या घरावर टिन आहे, हा गावाचा आवडता विनोद. मला तो कधीच हसवू शकला नाही.

यंदा अंगणवाडीचं छप्पर बदलायचं निघालं. ग्रामसभेत सरपंच म्हणाले, "कवेलू टाकले तर वांदरं फोडतीन ना काका!"

"फुटलेलं कवेलू मी बदलून देईन. शिजलेलं लेकरू तू बदलून देशीन काय?"

हशा पिकला. सभेनं ठरवलं: आठ दिवसांत काकांनी कवेलू जमवावीत, नाहीतर टिन. लेकरांच्या डोक्यावर काय असावं, हे माकडांच्या भीतीनं ठरवणारं गाव! मी संतापून दुसऱ्याच दुपारी काकांकडे गेलो.

काका टिनाखाली, रिकाम्या बाजेच्या वर, ओलं लुगडं बांधत होते. काकू जाऊन दोन वर्षं झाली.

"पोराच्या लग्नात कवेलू उतरवून म्याच बसवलं हे टिन. शोभा म्हणून. तुही काकू बाजेवर पडून राहे. म्हणे, जीव उकडून राह्यला, वर ओलं लुगडं तरी बांधा. म्या म्हणलं, पंखा हाय ना."

पाणी बाजेवर टपटपत होतं.

परसात तेव्हा उतरवलेली कवेलू नीट रचून ठेवली होती. मी म्हणालो, "मग हीच टाका ना घरावर."

"ते लेकरायचे हायेत. मले राहू दे याच्याखालीच."

त्यांत अंगणवाडीचं अर्धंच छप्पर झाकलं जाईल. उरलेल्या अर्ध्याची कवेलू, गावकऱ्यांनो, तुमच्या गोठ्यामागे, बाभळीखाली पडली आहेत. आता मुदतीचे तीन दिवस उरलेत. हसून झालं असेल, तर ती कवेलू उचला आणि अंगणवाडीपाशी आणून ठेवा.