युका म्हणजे काय?

"अख्ख्या शहरात नावाच्या मुळाशी जाणारा माणूस एकच," भिंगराव म्हणाले. "नाव कानावर पडायचा अवकाश, त्याचं कूळ, मूळ, अर्थ, अनर्थ, सगळं माझ्यापुढे हात जोडून उभं राहतं. मी गुप्तहेर आहे खरा, पण माझी कीर्ती गुप्त ठेवणं आजवर कुणालाही जमलेलं नाही."

हे त्यांनी आरशाला सांगितलं. आरसा त्यांच्या धाकट्या बहिणीच्या शिवणाच्या दुकानातला. त्याच दुकानाच्या कोपऱ्यात एक डुगडुगणारं टेबल टाकून भिंगरावांनी आपलं नामशोध कार्यालय थाटलं होतं. भिंगसुद्धा बहिणीचंच, सुईत दोरा ओवायला आणलेलं. ते दादाच्या खिशात गेल्यापासून ती अंदाजाने दोरा ओवत होती. भिंगराव हे नाव गल्लीने ठेवलं होतं आणि त्याचं मूळ शोधायची गरज कुणालाच पडली नव्हती.

धंदा तसा चालण्यासारखा होता. लोक हौसेने बाळाचं नाव ठेवतात आणि मग आयुष्यभर त्या नावाला नावं ठेवतात. एका जोडप्याने मुलाचं नाव 'निर्णय' ठेवलं होतं, कारण दुसरा कुठलाच निर्णय होईना. त्याचं मूळ भिंगरावांनी तीन महिने शोधलं होतं. बहीण त्यांची सहायक. तिने ही नोकरी कधी मागितली नव्हती, पण सोडायचं म्हटलं तरी दुकान तिचंच होतं.

त्या दिवशी मागच्या इमारतीतल्या एक सासूबाई नातीची झबली शिवायला टाकायला आल्या आणि बोलता बोलता म्हणाल्या, "नाव मात्र विचित्रच सुचवलंय हो सुनेच्या बाबांनी. युका. अर्थ कुणालाच लागत नाही."

भिंगराव ताडकन उठले. "घटनास्थळी चला!"

"दादा, त्या झबली द्यायला आल्यात," बहीण म्हणाली. पण ते रस्त्यावर पोचलेसुद्धा होते. तिने मशीनवर फडकं टाकलं आणि निमूट मागे गेली.

घटनास्थळ म्हणजे दोन खोल्या. दोरीवर दुपटी वाळत होती, कोपऱ्यात कपडे धुण्याचं यंत्र चाललं होतं आणि सून मांडीवरच्या बाळाला थोपटत होती. भिंगरावांनी बहिणीच्या गळ्यातली टेप ओढून आधी बाळ मोजलं.

"हे कशाला?" सुनेने विचारलं.

"नाव अंगावर बसतं का ते बघावं लागतं," भिंगराव म्हणाले. "आता सगळं सुरुवातीपासून सांगा."

सासूबाईंनी सांगितलं. सुनेने बाबांना बाळाचा फोटो पाठवला होता आणि खाली लिहिलं होतं, 'बाबा, नाव तुम्हीच सांगा.' दुसऱ्याच दिवशी त्यांचा फोन आला. सून बाळाला अंघोळ घालत होती, म्हणून सासूबाईंनी उचलला. "त्यांच्या कारखान्यातली यंत्रं अशी घरघरत होती की सांगायची सोय नाही. ते एवढंच म्हणाले, युका. मी म्हटलं, घरात सगळ्यांना विचारून सांगते हं. बरं म्हणाले नि फोन ठेवला."

"मग त्यांनाच फोन करून अर्थ विचारला तर?" बहिणीने विचारलं.

"साक्षीदाराला विचारून उकल केली, तर गुप्तहेराने काय दुपटी वाळत घालायची?" भिंगराव कडाडले.

सून मान खाली घालून म्हणाली, "नको, ताई. लग्न त्यांच्या मनाविरुद्ध झालं. तेव्हापासून बोलले नाहीत, की या दाराशी आले नाहीत. आता पहिल्यांदा काहीतरी दिलंय त्यांनी, आणि मी त्याचा अर्थ विचारत बसू? त्यांना वाटेल, आवडलं नाही. अर्थ कसाही असू दे. मला फक्त कळायला हवं, ते रागाने दिलंय की मायेने."

बहिणीने दोरीवरचं एक दुपटं उगाचच सारखं केलं. भिंगरावांच्या जिभेवर मात्र सिद्धान्त तयार होता.

"यु म्हणजे युवती, का म्हणजे काकू. तारुण्यापासून पोक्तपणापर्यंतचा सगळा प्रवास दोन अक्षरांत!"

"मग बालपण?" सासूबाई म्हणाल्या.

"ते वगळलंय," भिंगराव म्हणाले. "फार थोडा काळ असतं." मग त्यांनी नाव उलटं करून पाहिलं. "कायु. काय, ऊ? यात काहीतरी वळवळतंय खास." निघताना पिशवीत कोंबलेला एक जाडजूड संस्कृत कोश त्यांनी बाहेर काढला. आजवर तो टेबलाच्या आखूड पायाखाली होता. भिंग लावून त्यांनी पानं उलटली आणि विजयी आवाजात वाचलं, "यूका! सापडलं! यूका म्हणजे ऊ."

"कसली ऊ?"

"ऊ म्हणजे..." भिंगरावांचा आवाज बारीक झाला. "डोक्यातली."

सुनेचा चेहरा पांढराफटक पडला. "माझ्या लेकीला बाबा ऊ म्हणाले?"

"मायेनेच असेल," भिंगराव घाईघाईने म्हणाले. "ऊ अतिशय चिकट, म्हणजे प्रेमाने चिकटून राहणारी. सोडवली तरी सुटत नाही."

"दादा, गप बस," बहीण दबक्या आवाजात म्हणाली.

पण सून उठली होती. तिने बाळाला सासूबाईंच्या मांडीवर दिलं आणि फोन हातात घेतला. डोळे भरले होते, पण आवाज कोरडा होता. "एवढा राग आहे ना त्यांच्या मनात? मग मीच सांगते. पुन्हा या घराचं नावसुद्धा काढू नका म्हणावं."

"अगं, घाई करू नकोस," सासूबाई म्हणाल्या, पण तिचं बोट नंबरावर गेलं होतं.

आपल्यामुळे एक घर कायमचं तुटतंय हे भिंगरावांना कळलं. अशा वेळी खरा गुप्तहेर काय करतो? तो सटकतो. त्यांनी कोश काखेत मारला, टेप गळ्यात टाकली. तेवढ्यात यंत्राने पिळायला घेतलं आणि घरघर करत ते जागच्या जागी नाचायला लागलं. दारापाशी पोचून भिंगराव चोरट्यासारखे म्हणाले, "बरं, येऊ का?"

"अगदी अस्संच!" सासूबाई ओरडल्या. "अस्संच म्हणाले होते! युका!"

सुनेचं बोट थांबलं. ती चालत गेली आणि तिने यंत्र बंद केलं. "काय म्हणालात, काका?"

"मी? काही नाही. येऊ का म्हटलं. म्हणजे निघतो."

"येऊ का," ती पुटपुटली. मग ती सासूबाईंकडे वळली. "आई, बाबा नाव सांगतच नव्हते. ते विचारत होते."

सासूबाईंचा हात कपाळावर गेला. "आणि मी म्हटलं, घरात सगळ्यांना विचारून सांगते! अगं बाई गं! बिचारे उत्तराची वाट बघत बसले असतील."

सुनेने नंबर लावला. पलीकडे यंत्रं घरघरत होती. "बाबा," ती म्हणाली आणि पुढचं तिला बोलताच येईना. कसाबसा एकच शब्द निघाला. "या."

भिंगराव परत आत येऊन खुर्चीवर बसले. "याला तपासात घटनेची पुनर्रचना म्हणतात," त्यांनी जाहीर केलं.

"तू पळून जात होतास, दादा."

"पळण्याची पुनर्रचना."

चहा संपायच्या आत जिन्यात पावलं वाजली. दार उघडंच होतं, तरी म्हातारा माणूस उंबऱ्याबाहेर थांबला. हात घासून घासून लाल केले होते, नखांत मात्र वंगण तसंच होतं. त्याने मुलीकडे पाहिलं, बाळाकडे पाहिलं आणि घसा साफ केला.

"येऊ का?"

सासूबाईंनी तोंड उघडलं आणि लगेच मिटलं. आपण आधीच एकदा उत्तर दिलंय हे त्यांना आठवलं असावं. सून बाळाला उचलून दारापर्यंत गेली आणि तिने ते बाबांच्या हातात ठेवलं. आता आत आल्याशिवाय त्यांना इलाजच नव्हता.

"नाव काय ठेवलंत?" बाळावरची नजर न काढता त्यांनी विचारलं.

"तुम्हीच सांगा म्हणून लिहिलं होतं ना, बाबा."

"लिहिलं होतंस? मी तिच्या फोटोतच गुंतलो गं. खालचं वाचायचं राहूनच गेलं." आणि मग ते रडले, अगदी उघड, सगळ्यांसमोर. सूनही रडली. सासूबाईंनी दोघांनाही पदर पुरवला.

बहिणीने दादाची बाही ओढली. सवयीप्रमाणे भिंगराव उठले, निरोप घ्यायला त्यांनी तोंड उघडलं, पण तिने डोळे वटारले. दोघं न बोलता जिना उतरले. ते दोन शब्द आज दुसऱ्याच कुणाच्या नावावर होते.