बॅटऱ्यांची कैफियत, अर्थात झ्वेलिबांझीबाबांचे मरण

राजेरजवाड्यांच्या लढाया सांगणारे बहुत जाहले. परंतु दक्षिण आफ्रिकेत ईस्टर्न केप प्रांती क्वामतेबे मुक्कामी, माहे जुलै, गुरुवारी, रेडिओच्या ठाण्यावर जो प्रसंग गुजरला तो कोणी लिहून ठेविला नाही. सबब चित्त देऊन ऐकावे, आणि कोणाचा मोबाइल परक्या ठिकाणी चार्जिंगला लावलेला असेल त्याने आधी काढून घ्यावा. कारण पुढे कळेल.

त्या समयी मुलखावर वीजकपातीचा अंमल होता. अंधाराची स्वारी दिवसातून तीन वेळा येई, वेळापत्रक आगाऊ पाठवून येई, आणि तरी रयत दर खेपेस गाफील सापडे. ठाण्याच्या निवेदिका, वाणीधुरंधर, श्रोतृजनवल्लभ नोलुव्हुयोबाई यांजकडे दर गुरुवारी दोन प्रहरी मयतीच्या वर्द्या वाचण्याची कामगिरी होती. मयती शनिवारच्या, पाहुणे मात्र गुरुवारी सांजेसच निघत; आणि ज्याची वर्दी रेडिओवर नाही तो मेला असे तेथे कोणी मानीत नाही. उलटपक्षी, ज्याची वर्दी आली तो जिवंत असेही कोणी मानीत नाही.

तो त्या दिवशी ऐन वर्दीच्या वेळी अंधार आला, आणि ठाणे बॅटऱ्यांवर गेले, आणि बाईंनी मेणबत्तीच्या उजेडी कागद वाचला. कागदावर नावे दोन, वरती मयताचे, खालती वर्दी देणाराचे. वरच्या नावावर मेण सांडले होते. बाईंनी खालचे वाचले. येणेप्रमाणे कैलासवासी म्झामो हयात राहिले, आणि त्यांचे थोरले चुलतबंधू, राजमान्य राजश्री झ्वेलिबांझीबाबा, वय एकाहत्तर, हे स्वतःच्या ओसरीवर चहा पीत असता आपल्याच रेडिओवर आपल्याच कानांनी वारले.

बाबा कोट, टोपी, काठी घेऊन तडक निघाले. परंतु वाटेत भेटेल त्यास आपण जिवंत असल्याचे समजावीत येणे पडले, दोघांनी तर मानलेच नाही, त्यामुळे ठाण्यावर पोहोचेतो पाच वाजले.

"पोरी," बाबा म्हणाले, "मी मेलो त्याचं मला काही नाही. पण बैल माझा एकच आहे."

मसला गंभीर होता. मयतीस दारी आलेला माणूस मांस खाल्ल्याविना परत जात नाही, हा त्या मुलखाचा कदीम रिवाज. मग दारात स्वागतास खुद्द मयत उभा असो. पुतण्यांनी बैलाच्या गळ्यात दोर घातला होता, आणि शहरातून मयतीच्या गाड्या सहास सुटणार होत्या. एकदा गाड्या सुटल्या की बैल गेला.

बाईंनी तत्काळ माइकाकडे कूच केले, आणि तोच अंधाराची दुसरी स्वारी आली, आणि ठाणे बॅटऱ्यांवर गेले, आणि बॅटऱ्या मिनिटभरात गतप्राण जाहल्या. शोध घेता मागील दालनी त्रेचाळीस मोबाइल चार्जिंगला लागलेले निघाले. अंधारात कोणासही नाही म्हणू नये, असे बाईंचेच फर्मान होते; आणि ते मोबाइल बाबांच्या मरणाची खबर चहूकडे पोहोचवून पोहोचवून थकलेले होते.

"म्हणजे माझ्या मरणानंच तुझी वीज खाल्ली," बाबा म्हणाले.

पंधरा वर्षांत बाईंनी एकही वर्दी चुकविली नव्हती. त्यांनी फोन करू म्हटले, तो टॉवरही निजलेला.

इतक्यात म्पुमेलेलोची व्हॅनएवढी टॅक्सी दारी थांबली. आत पंधरा असामी, मयतीस निघालेल्या, आपापले मोबाइल न्यावयास उतरल्या. साऱ्या चर्चच्या महिला मंडळाच्या, लाल जाकिटात नि टोपीत; अग्रभागी त्यांच्या सरलष्कर नोबांडलामावशी. त्यांनी बाबांना आपादमस्तक न्याहाळले.

"अगं बाई. हे तर आपलं प्रेत."

बाईंनी सारी हकीकत निवेदन केली. मावशींनी हुकूम दिला की टॅक्सीचे इंजिन चालू ठेवावे आणि वायरी जोडाव्या. म्पुमेलेलोने डिझेलची तक्रार मांडली, ती पंधरा टोप्यांखालच्या नजरांपुढे टिकली नाही. वायरी खिडकीतून आत आल्या, टॅक्सी घरघरली, आणि सहास आठ मिनिटे असता माइकाचा तांबडा दिवा लागला.

बाईंनी मुलखाची माफी मागितली आणि माइक बाबांपुढे सरकवला.

"मी झ्वेलिबांझी. मेला तो म्झामो, जायचं त्याच्याकडे. माझा बैल घरी आहे आणि घरीच राहील."

मग मावशी पुढे सरसावल्या. "बाबा, दुपारपासून गाणं बसवलंय तुमच्यासाठी. त्याचं काय करू?"

"म्हणा की. पुन्हा कुठे ऐकायला मिळणार मला?"

पंधरा कंठ उठले, आणि बाबांनी टोपी काढून आपले मयतीचे गाणे शेवटपर्यंत ऐकले, आणि एका ठिकाणी सूर चुकल्याचे नंतर सांगितले. गाड्या म्झामोकडे वळल्या. मात्र मावशींनी वाद घातला की मयतीस निघालेला माणूस आलेलाच धरावा, आणि बाबांस रिवाजापुढे मान तुकवावी लागली.

येणेप्रमाणे फत्ते जाहली. बैल सलामत. बाबा हयात. आपल्याकडील सहा कोंबड्या कामी आल्या. पैकी एकीची तंगडी नोलुव्हुयोबाईंस, चूक केल्याबद्दल आणि दुरुस्त केल्याबद्दल, बाबांनी स्वहस्ते वाढली.