शेलारभाऊंचा वझोन

आमचे लोणावळ्यातले शेजारी शेलारभाऊ उजाडायच्या आत पाहुण्यांची पांघरुणं ओढायचे. घरातल्या दोन खोल्या त्यांनी हवा खायला येणाऱ्यांसाठी ठेवल्या होत्या. आणि हवा खायची ती टेकडीवर जाऊन, उन्हाच्या आधी, नाकानं, असा त्यांचा दंडक होता. "हितली हवा म्हंजे निव्वळ वझोन," ते सांगायचे. एक हडकुळा मुंबईकर 'वजन' ऐकून आठवडाभर राहिला. जाताना स्टेशनवरच्या काट्यावर उभा राहिला आणि तसाच भांडायला परत आला.

ओझोन म्हणजे नेमकं काय, हे मलाही ठाऊक नव्हतं. आणि मी शाळेत शास्त्र शिकवायचो.

माणूस चंद्रावर जाऊन आला त्यानंतरची गोष्ट. त्या थंडीत भाऊंकडे कुलकर्णी नावाचा तरुण उतरला. उपग्रहातून ओझोन मोजतात, त्या आकड्यांवर त्याचं काम चाले. भाऊ खूश झाले.

"आमच्या टेकडीवर किती निघाला?"

"टेकडीवर नाही हो. पार वर, पंधरा-वीस मैलांवर असतो." सूर्याचा एक न दिसणारा प्रकाश ओझोन गिळतो, त्यातून उरलेला वर परततो, तो उपग्रह मोजतो, असं त्यानं समजावलं.

"म्हंजे उजेड कमी आला, तर वझोन कमी."

"उलट. उजेड कमी, तर ओझोन जास्त."

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली, का ते देव जाणे.

"आन् हितं खाली?"

"खाली नसलेलाच बरा. छातीला वाईट."

भाऊ उठून आत गेले. दुसऱ्या दिवशी कुणालाच उठवलं नाही. आम्ही दोघं शोधत गेलो, तर टेकडीवर एकटेच बसलेले.

"मास्तर, आमच्या हिला छातीचं दुखणं व्हतं." शेलारमावशींना जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. "डाक्टर म्हनला, घाटमाथ्यावर न्या, तितं वझोन हाय. गावाकडं परंदवडीची शेती भावाच्या हाती देऊन आलो. रोज हितं आणून बसवायचो. म्या तिला इखच दिलं का वो?"

कुलकर्णी गडबडला. "नाही, भाऊ. इथं तो नसल्यातच जमा. तुम्ही त्यांना चांगल्या हवेतच आणलंत."

"नव्हताच म्हणा की."

"जवळजवळ नव्हताच."



"वर आलं की ती बोलाया लागायची," भाऊ म्हणाले. "घरात न्हाई, हितंच. म्या म्हणायचो, तोंड मीट, वझोन वाया जातोय."

मग हळूच त्यांनी कुलकर्णीला विचारलं, "काय सांगायचं आसंल वो तिला?"