मास्तरांचा कोट कोणाकडून नेला गेला?

मी लीलाधर कौतिक भंगाळे. सबंध जळगावात, आणि धुळ्यापर्यंत मधे कोणी निघाले नाही तर धुळ्यापर्यंत, माझ्यासारखा गुप्तहेर नाही. घराच्या दारावर तशी पाटी आहे. ती इतकी मोठी आहे की टांगेवाले स्टेशनावरून येणाऱ्या पाहुण्यांना 'गुप्तहेराच्या अलीकडे की पलीकडे' असेच विचारतात. पोटासाठी मी एका जिनिंगमध्ये कापसाच्या गाठींवर शिक्के मारतो, पण ते वरवरचे. आत मेंदू चालू असतो. चोपड्याच्या एका पाटलाची हरवलेली म्हैस मी केवळ विचार करून शोधली. माझा विचार संपायच्या आत ती आपल्या पायांनी गोठ्यात आली, हा तिचा समजूतदारपणा.

ज्या प्रकरणाने माझे नाव झाले, खरे सांगायचे तर जरा जास्तच झाले, ते एकोणीसशे चौतीसच्या थंडीत घडले.

आमच्या गल्लीत अभिमन मास्तर राहतात. शाळेत ते इंग्रजी शिकवतात, पण तात्पुरते. तात्पुरते असण्याला त्यांना इतकी वर्षे झाली होती की बरोबरचे कायम शिक्षक पेन्शनीत निघाले. संध्याकाळी ते घरी मोठ्या माणसांचा इंग्रजीचा वर्ग घेत. गुन्हेगार इंग्रजीत बोलला तर पंचाईत नको, म्हणून मीही जाई. त्या आठवड्यात पॅसिव्ह व्हॉइस चालू होता.

"मांजराने उंदीर मारला, ही बातमी मांजराच्या घरी सांगतात," मास्तर म्हणाले. "उंदीर मारला गेला, ही बातमी उंदराच्या घरी. तिथे रडायचे असते उंदरासाठी, मांजराची चौकशी मागाहून."

मग वापरायचा कधी, तेही त्यांनी सांगितले. करणारा माहीत नसेल तेव्हा. माहीत असूनही त्याचे काही महत्त्व नसेल तेव्हा. आणि माहीत आहे, पण नाव घेणे बरे दिसत नाही, तेव्हा. उगाच मोठेपणासाठी मात्र वापरू नये. "माझ्याकडून चहा प्यायला गेला, असे कोणी म्हणत नाही," ते म्हणाले. त्या दिवसापासून मी चार दिवस तसेच म्हणत होतो.

मला ही विद्या फार आवडली. करणाऱ्याला वाक्यातून पळवून लावायचे, ही तर गुन्हेगारांची युक्ती. जो पॅसिव्ह बोलतो तो काहीतरी लपवतो, असा सिद्धांत मी मांडला. मास्तर म्हणाले, "लीलाधरभाऊ, आज एवढे पुरे."

रविवारी झुंबरबाईंच्या शेतात भरीत होते. झुंबरबाई मूळच्या धुळ्याकडच्या, नशिराबादच्या रस्त्याला त्यांची शेती. थंडी पडली की वांगी काढायची, तुरकाठ्यांच्या जाळावर भाजायची, ठेचायची, आणि गल्लीने तिथेच बसून ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीशी हाणायची, हा दरसालचा रिवाज. भरीत ठेचताना अंगात कोट ठेवणे शक्य नसते. त्या मंडळींत कोटवाले आम्ही दोघेच, मास्तर आणि मी. दोघांनी आपापले काळे कोट बाभळीला टांगले.

जेवण झाल्यावर थंडी वाजली, म्हणून मी सर्वांआधी कोट चढवला आणि वरून घोंगडी गुंडाळली. त्या दिवशी कोट विलक्षण उबदार वाटत होता. कोपरांना लागणारे वारे एकदम थांबले होते. भरताचे गुण म्हणतात ते हेच.

दिवस मावळायला मास्तर बाभळीखाली गेले आणि तिथेच उभे राहिले. फांदी मोकळी होती. झुंबरबाई तेवढ्यात भांडी घेऊन विहिरीवर गेल्या होत्या.

"कोट गेला," ते म्हणाले.

"कोणी नेला?" मी विचारले.

"ते माहीत असते तर 'गेला' कशाला म्हटले असते?" एवढे बोलून मास्तर खाली बसले आणि त्यांचे तोंड उतरले. उद्या दुपारी इन्स्पेक्टर साहेब त्यांचा पाठ बघायला येणार होते. पाठ चांगला झाला तर मास्तर कायम, नाहीतर शाळा दुसरा माणूस बघणार होती. आणि साहेबांना बिनकोटाचा मास्तर दिसला की ते पाठ ऐकायच्या आधीच शेरा लिहीत, अशी त्यांची ख्याती होती.

"उसना घ्या की कोणाचा," कोणीतरी म्हणाले.

"गेल्या खेपेला घेतला होता," मास्तर म्हणाले. "कोटाचा मालक वर्गाच्या खिडकीशी उभा राहिला आणि मला साहेबांसमोर म्हणाला, मास्तर, कोपर टेबलावर टेकू नका. आता उसना कोट नको. गेली नोकरी तर गेली."

मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मी घोंगडी गच्च आवळली. गुप्तहेराचा कोट हे त्याचे हत्यार असते, ते देता येत नाही, असे मी समजावून सांगितले. पण मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवून शब्द दिला की उद्या साहेबांच्या शेऱ्याआधी कोट तुमच्या अंगावर असेल. तो खरा ठरला, हे वाचकांनी शेवटपर्यंत लक्षात ठेवावे.

तपासाला आरंभ म्हणून मी खिशातले भिंग काढायला हात घातला. भिंग नव्हते. खडूचा तुकडा होता.

मी थरारलो. म्हणजे चोराने नुसता मास्तरांचा कोट नेला नव्हता, तर माझ्या खिशात हात घालून माझे भिंग नेले होते आणि आव्हान म्हणून खडू ठेवला होता. असा धाडसी गुन्हेगार खानदेशात पूर्वी झालेला नव्हता.

पहिला संशय जब्बारभाईंवर. ते शिंपी. मास्तरांचा कोट त्यांनीच शिवलेला, आणि माझाही. मी म्हणालो, "तुम्ही कोट चोरून, उसवून, दुसऱ्या गिऱ्हाइकाला नवा म्हणून शिवून देणार होता."

जब्बारभाई उरल्यासुरल्या भाकरीचा शेवटचा घास शांतपणे खात होते. "भाऊ, माझ्या हातची शिलाई मी कशाला चोरू? ती किती दिवस टिकते ते मला ठाऊक आहे ना." मग बोटे चाटून म्हणाले, "एक सांगून ठेवतो. तुमचा कोट आणि मास्तरचा कोट, दोन्ही एकाच ठाणातले. माप पण एकच. मी सगळ्यांना एकच माप शिवतो, ज्याने त्याने आपल्या हिशेबाने आत बसायचं."

ही माहिती निरुपयोगी असल्याने मी ती सोडून दिली.

घरी आलो. आई चुलीशी बसली होती. घोंगडी खुंटीला लावून मी पाटावर बसलो आणि सगळी हकिगत सांगितली. सौभाग्यवती भाकरी वाढायला आली, माझ्याकडे पाहिले, माझ्या कोपराकडे पाहिले, आणि तिच्या हातातली भाकरी तव्याकडेच परत गेली.

इथे आमच्या घरची रीत सांगायला हवी. सासूसमोर नवऱ्याशी बोलायचे नाही, त्याला दोष द्यायचा नाही, आणि नाव तर घ्यायचेच नाही. काही सांगायचे असलेच तर सासूला सांगायचे, ते मला ऐकू येते.

"आत्याबाई," ती म्हणाली, "कोट चोरीला गेलेला नाही. चुकून नेला गेलाय."

मी पाटावर सरळ झालो. करणारा गायब. "आई, तिला विचार, कोणाकडून नेला गेला?"

सौभाग्यवतीने पदर पुढे ओढला. "आत्याबाई, नाव कसं घेऊ?"

"नको घेऊ माय, रात्रीचं नको," आई म्हणाली आणि कपाळाला अंगारा लावून मोकळी झाली. आईच्या मते ते बाभळीवरचे भूत होते.

मी मात्र शास्त्राने गेलो. बाईमाणूस कोणाचे नाव घेत नाही? नवऱ्याचे, सासऱ्याचे आणि मोठ्या दिराचे. तीनच संशयित उरले. पैकी नवरा म्हणजे मी. गुप्तहेर संशयित नसतो, त्यामुळे तो गळाला. सासरा म्हणजे माझे वडील. त्यांना देवाघरी जाऊन बराच काळ झाला होता, आणि हयात असतानाही ते रविवारी घराबाहेर पडत नसत. उरले माझे थोरले बंधू, पुनाभाऊ. राहणार नशिराबाद. शेताच्या रस्त्यालाच.

त्या रात्री मला बंधुप्रेम आणि कर्तव्य यांच्यामध्ये झोप लागली.

सकाळी निघताना सौभाग्यवती उंबऱ्यावरच्या मांजराला म्हणाली, "ज्याचं त्याला परत दिलं गेलं पाहिजे बाई, दुपारच्या आत." तिचे विचार किती उदात्त आहेत, असे मनाशी म्हणत मी कोटावर घोंगडी पांघरून बाहेर पडलो.

पुनाभाऊ गोठ्यात धार काढत होते. मी थेट विचारले, "दादा, कोट कुठे आहे?"

"कशाना कोट?" ते म्हणाले. "मी बापजन्ममा कोट घाला नही. कोट घालीसन दूध काढाले बसनू, ते म्हैस वळखी का माले? जाय, बठ्ठं घर देखी ले."

मी सगळे घर पाहिले. वहिनीने चहा आणि गूळशेंगदाणे दिले. पुरावा म्हणून मी तेही पाहिले.

परतताना झुंबरबाईंच्या शेतापाशी मी थबकलो. हरभऱ्याच्या मधोमध एक इसम उभा होता. अंगात काळा कोट. मी बांधाआडून सरकत गेलो. तो हलला नाही. मी म्हणालो, "हात वर." त्याचे हात आधीच दोन्हीकडे पसरलेले होते. मी नाव विचारले, गाव विचारले, तो ब्र काढीना. असा कसलेला गुन्हेगार मी पाहिला नव्हता. शेवटी झेप घेऊन धरला, तेव्हा त्याचे डोके गळून पडले. ते मडके होते.

पण कोट खरा होता. कोपरांना भोके पडलेला, मळका, मास्तरांच्या कष्टांची साक्ष देणारा. आणि खिशात माझे भिंग.

मी धावत घरी आलो. घरात संक्रांतीचे हळदीकुंकू चालू होते, माजघरभर बाया. रिवाज मोडून मी दारात उभा राहिलो, घोंगडी टाकली आणि बुजगावण्याचा कोट उंच धरला.

"मास्तरांचा कोट सापडला आहे," मी म्हणालो.

झुंबरबाई पुढेच बसल्या होत्या. "तो? तो ते बाभूयवर टांगेल व्हता," त्या म्हणाल्या. "इतला फाटेल कोट कोन घाली? माले वाटनं, बुजगावनासाठे टाकी दिन्हा. जेवनं व्हताच मीच चढाई दिन्हा."

मी क्षणभर विचार केला. "म्हणजे असे झाले. चोराने माझे भिंग मास्तरांच्या कोटात ठेवले, मास्तरांचा खडू माझ्या कोटात ठेवला, मास्तरांचा कोट एका रात्रीत फाडला, माझा कोट त्याच रात्रीत रफू केला, आणि..." इथपर्यंत सगळे जुळत होते. पुढे जुळेना.

बाया एकमेकींकडे बघू लागल्या. आईला माझी लाज वाटली असावी. विषय बदलायला ती म्हणाली, "सूनबाई, तू नाव घे बरं."

सौभाग्यवती उठली. पदर सावरला. वर्षभरात हीच काय ती वेळ, जेव्हा तिला माझे नाव घ्यायची मुभा असते, आणि तेव्हा कोणी रागावू शकत नाही. ती माझ्याकडे न बघता खणखणीत म्हणाली:

"शेतातल्या भरताला वांगी भाजली शंभर,
मास्तरांचा कोट घालून घरी आले लीलाधर."

माजघर हसण्याने फुटले. झुंबरबाईंच्या हातचा तिळगूळ सांडला. मी हळूच हात वाकवून कोपर पाहिले. कोपर झाकलेले होते. माझे कोपर गेल्या दोन वर्षांत कधी झाकलेले नव्हते.

मला फार ओशाळल्यासारखे झाले. पण त्याहून वाईट म्हणजे दुपार झाली होती.

मी शाळेपर्यंत धावलो. वर्गाच्या खिडकीशी पोहोचलो तेव्हा मास्तर नुसत्या सदऱ्यात फळ्यापाशी उभे होते. आवाज बारीक झाला होता. इन्स्पेक्टर साहेबांनी लेखणी दौतीत बुडवली होती. मी कोट काढून खिडकीतून आत धरला. मास्तरांनी तो घेतला, चढवला, खिशात हात घालून आपला खडू काढला आणि त्यांचा आवाज परत जागेवर आला.

"व्हॉट इज धिस?" साहेब म्हणाले.

"उदाहरण आहे, सर," मास्तर म्हणाले. "माय कोट वॉज टेकन यस्टरडे. इट हॅज बीन रिटर्न्ड."

"बाय हूम?"

वर्ग माझ्याकडे बघू लागला. मास्तरांनीही पाहिले. मला वाटले, आता माझे नाव, आणि मग शाळेभर हसू. माझ्यापायी त्या माणसाची नोकरी जायची वेळ आली होती, त्यांनी नाव घेतले असते तरी वावगे नव्हते.

"सर, नाव घेतल्याने कोट जास्त उबदार होत नाही," मास्तर शांतपणे म्हणाले. "अशा वेळी पॅसिव्ह वापरावा, एवढेच मी मुलांना सांगत होतो."

साहेब आधी गंभीर राहिले. मग त्यांच्या मिशा हलल्या. मग ते हसले, आणि साहेब हसलेले पाहून मुले घाबरली. त्यांनी लेखणी उचलून काहीतरी लिहिले. मला त्या क्षणी मास्तरांच्या पाया पडावेसे वाटले. मधे खिडकी होती.

मास्तर कायम झाले. त्या आनंदात झुंबरबाईंच्या शेतात पुन्हा भरीत झाले, या वेळी बायकामुलांसकट. बाभळीखाली पंगत बसली. गावभर एव्हाना निरनिराळ्या गोष्टी पसरल्या होत्या. जब्बारभाईंनी सगळ्यांदेखत विचारले, "भाऊ, शेवटी कोट शोधला कोणी?"

मी घसा साफ केला. "कोटाचा शोध लावण्यात आला," असे म्हणालो आणि थांबलो. समोर मास्तर बसले होते. ते भाकरी मोडत होते. पलीकडे वाढायला सौभाग्यवती उभी होती, आणि तिला ठाऊक होते की माझे वाक्य तिथेच संपणार.

आमच्या घराण्यात बायकोचे नाव चारचौघांत कोणी घेतलेले नाही. मी पानावरून उठलो.

"कळण्याच्या भाकरीवर ताजं ताजं लोणी,
कोट शोधला प्रमिलेनं, नाही दुसऱ्या कोणी."

आईने कपाळावर हात मारला. पुनाभाऊ नशिराबादला ऐकू जाईल एवढ्याने हसले. प्रमिलेने तोंडाला पदर लावला, आणि मग भरताचे पातेले घेऊन, रांग मोडून, सरळ माझ्या पानाशी आली. नाव घेऊन सांगितले की भरीत दुसऱ्यांदा वाढले जाते, हे मास्तरांनी शिकवलेले नव्हते.